तळ्याचा ठाव

बंगळूर शहराच्या आग्नेयेस पसरलेल्या बेळ्ळंदूरच्या तळ्याचे सरकारी दप्तरातले पूर्ण नाव ‘बेळ्ळंदूर अमानीकेरे’ असे आहे. केरे म्हणजे तळे. अमानी हा शब्द मात्र मराठी वाचकाला, त्यातही ज्याची हयात महसूल खात्यात गेली त्याला, परका वाटणार नाही. मक्त्याने अथवा इजाऱ्याने न देता सरकारने स्वतःच्या कारभाराखाली राखून ठेवलेले ते अमानी. मुलूख बदलला, भाषा बदलली, तरी दप्तराचे शब्द माणसाच्या आधी तेथे जाऊन बसलेले असतात, याचा अनुभव परप्रांती नोकरी केलेल्या प्रत्येकाला असेल. या अमानी तळ्याचे क्षेत्र सुमारे नऊशे एकर आहे. शहरातील तळ्यांत ते सर्वांत मोठे. त्याची चतुःसीमा, त्याचे सर्व्हे नंबर, त्याचा सांडवा, त्याखाली भिजणारी जमीन, या साऱ्यांच्या नोंदी झाल्या. पण हे सर्व वाचून झाल्यावर लक्षात येते की, दप्तराने पाणी जमिनीसारखे मोजले आहे. लांबी आणि रुंदी यांचा तेथे पक्का हिशेब आहे. खोलीची चौकशी क्वचितच कोणी केलेली दिसते.

मासे धरणारा माणूस तळ्याकडे अगदी दुसऱ्या बाजूने पाहतो. एकरांशी त्याला कर्तव्य नसते. मासा किती खाली आहे, एवढाच त्याचा प्रश्न. वरून पाहणाऱ्याला पाणी सर्वत्र सारखेच दिसते, आणि गळ दोन हात वर राहिला काय किंवा चार हात खाली गेला काय, हाती यायचे ते येत नाही. या एका प्रश्नाचे उत्तर माणसाने कसकसे शोधले, त्याचा इतिहास सांगण्याजोगा आहे. त्याच्या एका टोकाला चालत्या नावेमागे खोल पाण्यात आमिष ओढणारे ‘डाउनरिगर’ नावाचे अमेरिकन यंत्र आहे. दुसरे टोक आपल्या दख्खनेत, कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात सापडते.

कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी आणि कानडी ज्या पट्ट्यात एकमेकींच्या अंगणात वावरतात, तेथले हे गाव. तेथील राजा तिसरा सोमेश्वर, बिरुद भूलोकमल्ल, याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. पाच विंशती, प्रत्येक विंशतीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे येथपासून जेवणात काय वाढावे येथपर्यंत राजाला जे जे माहीत असावे ते ते त्यात आहे. त्यातील चौथ्या विंशतीत राजाच्या करमणुकींचे वर्णन येते. श्येनविनोद म्हणजे ससाण्याची शिकार आणि मृगया म्हणजे हरणांची शिकार, या दोहोंच्या मधोमध ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. गळाने मासे धरण्याची विद्या हा त्याचा विषय.

या ग्रंथाचे संपादन गजानन श्रीगोंदेकर यांनी बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेसाठी केले. पहिला भाग १९२५ साली, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली निघाला. कल्याणीच्या कानडी राजाचा संस्कृत ग्रंथ गुजरातेत बसून मराठी पंडिताने सिद्ध केला, ही गोष्ट परप्रांती मराठी माणसाने अभिमानाने नव्हे तरी समाधानाने लक्षात ठेवावी अशी आहे. आणि मत्स्यविनोदाचे महत्त्व प्राणिशास्त्राच्या दृष्टीने उलगडून दाखवले ते सुंदरलाल होरा या पंजाबी मत्स्यशास्त्रज्ञाने, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात, १९५१ साली. होरा हे भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक. डोंगरी ओढ्यांतील माशांवर आयुष्य घालवलेल्या या माणसाला आठशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या श्लोकांत आपला समानधर्मा भेटला.

सोमेश्वराने सुमारे पस्तीस प्रकारचे मासे सांगितले आहेत. पण नुसती नावे सांगून तो थांबत नाही. खवले असलेले आणि खवले नसलेले, समुद्रातले आणि नदीतले, थोर, मध्यम आणि लहान, अशी तो त्यांची वर्गवारी लावतो. मग कोणाला कोणता चारा रुचतो, दोरी कशी असावी, काठी कशी असावी, गळ कसा असावा आणि लागलेला मासा घाई न करता कसा खेळवावा, हे क्रमाने येते. शिकार सुरू करण्यापूर्वी माशांना नेमाने चारा घालून एका जागी येण्याची सवय लावावी, असा त्याचा उपदेश आहे. हे वाचताना मला नेहमी वाटते की, या प्रकरणाची खरी थोरवी त्याच्या यादीत नाही. मासा ही एकच वस्तू नसून तिच्यात जाती आहेत, प्रत्येक जातीचे खाणे वेगळे आणि राहण्याची जागा वेगळी, म्हणून पाणी हे एकजिनसी नव्हे, हा विचार त्यात गृहीत धरलेला आहे. राजाला मासा वर आणण्यासाठी चाऱ्याचे आमंत्रण द्यावे लागे. खाली कोठे तो असतो तेथे जाऊन गाठण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते.

याच ग्रंथाच्या गीतविनोदात महाराष्ट्रातील बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे, हे मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्याच प्रकरणात जुन्या मराठीतील काही पद्यही आहे. त्यात नारायणाची स्तुती आहे ती कोणत्या रूपाची? माशाच्या रूपाने रसातळातून वेद वर आणणाऱ्या देवाची. आपल्या भाषेच्या अगदी पहिल्या उपलब्ध शब्दांत पाण्याचा तळ आणि तेथून वर येणारा मासा असावा, हा योगायोगच. पण तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

मध्यंतरीची शतके सोडून देऊ. दख्खनच्या माशांची पुन्हा नीट मोजदाद झाली ती इंग्रजी अमलात, कर्नल साइक्स या मुंबई फौजेतील अंमलदाराच्या हातून, १८३९च्या सुमारास. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत सापडलेल्या एका मोठ्या माशाला त्याने तेथे ऐकलेले मराठी नाव लॅटिन साजात चढवून ‘खुद्री’ असे नाव दिले. तो आपला दख्खनी महासीर. त्याची गाठ पुढे पुन्हा पडेल. साइक्सनंतर नाव घ्यावे ते हेन्री सुलिव्हन टॉमस याचे. हा मद्रास इलाख्याचा मुलकी अधिकारी, दक्षिण कानडा जिल्ह्यात नेमलेला. त्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली मंगळूरला छापले गेले आणि ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ हे दुसरे १८८७ साली निघाले. पहिल्याचा गवगवा फार झाला, कारण त्यात नद्यांतील महासीरची झुंज आहे. मला दुसरे अधिक मोलाचे वाटते. नदीवर जायला सवड आणि रजा लागते. तळे मात्र प्रत्येक ठाण्याच्या गावी असते. बदलीच्या गावी संध्याकाळ कशी घालवावी या प्रश्नाने गांजलेल्या अधिकाऱ्यांना टॉमसने त्यांच्या कचेरीमागचेच पाणी दाखवले.

दक्षिणेतील तळे ही वस्तू मुळात काय आहे हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. हे निसर्गाने खणलेले सरोवर नव्हे. उताराच्या जमिनीला आडवा मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे, तुंबलेले पाणी तुबातून शेतीला द्यायचे आणि जास्तीचे सांडव्यावरून पुढच्या तळ्यात सोडायचे, अशी ही रचना. तूब हा शब्द भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर काम केलेल्यांना नवा नाही. कानडीतही तो ‘तूबु’ असाच आहे. तूब केव्हा उघडायचे हे ठरवणारा ‘नीरगंटी’ गावोगाव असे. असे तळे बांधापाशी काय ते थोडे खोल, आणि मागे मागे जावे तसे उथळ होत शेवटी शेतात विरणारे. उन्हाळ्यात ते आटे, पावसाळ्यात भरे. बांधणाराने त्याची खोली जपली ती दरवर्षी गाळ काढून, आणि तो गाळ शेतकऱ्याला खत म्हणून हवाच असे.

अशा पाण्यातही मजले असतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मध्यावर, मृगळ तळाशी. कटल्याचे तोंड वर वळलेले, मृगळाचे खाली, इतकी ही वाटणी शरीरात भिनलेली आहे. मरळ गवताच्या आडोशाने राहते आणि मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते. शिंगटी आणि वांब चिखल सोडत नाहीत. हे मजले म्हैसूरकडच्या बेस्त लोकांना ठाऊक होते, विदर्भातल्या ढिवरांना ठाऊक होते. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओरिसात कृत्रिम उपायाने माशांचे प्रजनन घडवून आणले; त्यानंतर बंगालचे हे तीन मासे एकाच तळ्यात एकत्र वाढवण्याची पद्धत देशभर रूढ झाली. ती उभी आहे तीही याच मजल्यांच्या ज्ञानावर. कोकणात गरवायला जाणारा माणूस दोरी वावांनी मोजतो. दोन्ही हात पसरले की एक वाव, आणि शिसे तळाला टेकल्याचा हिसका बोटांना कळतो. उथळ पाण्यात यापेक्षा अधिक साधन लागत नाही. काठी, दोरी, पाण्यावर तरंगणारी खूण आणि हाताचा अंदाज. टॉमसचे सारे पुस्तक एवढ्या सामानावर चालते.

खोल सरोवराची गोष्ट निराळी. इंग्लंडच्या वायव्येस विंडरमियर नावाचे सरोवर आहे. त्याचा तळ दोनशे फुटांहून खाली जातो, आणि त्या थंड अंधारात चार नावाचा मासा राहतो. त्याला धरण्यासाठी तेथील कोळ्यांनी जी युक्ती काढली ती फार सुरेख आहे. संथ वल्हवणाऱ्या नावेच्या दोन्ही बाजूंना एकेक लांबलचक बांबू बाहेर काढायचा. प्रत्येकापासून जड शिशाने ताणलेली एक मुख्य दोरी खोल सोडायची आणि तिला निरनिराळ्या खोलीवर आखूड दोऱ्या बांधून प्रत्येकीला घरी घडवलेले चकाकणारे पत्र्याचे आमिष लावायचे. बांबूच्या टोकाला घंटी. मासा लागला की घंटी वाजते. एकाच फेरीत सहा मजल्यांवर चौकशी होते, आणि कोणत्या दोरीला मासा लागला यावरून आज तो किती खाली आहे ते कळते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क संस्थानातील सेथ ग्रीन या मत्स्यपालकाच्या नावाने याच जातीची एक मांडणी प्रसिद्ध झाली.

मासा त्या विशिष्ट खोलीलाच का राहतो, याचे उत्तर कोळ्यांनी दिले नाही. ते शास्त्रज्ञांनी दिले. स्वित्झर्लंडमधील फ्रांस्वा आल्फोंस फोरेल याने जिनिव्हाच्या सरोवराचा अभ्यास आयुष्यभर केला आणि १८९२ पासून १९०४ पर्यंत तीन खंडांत तो प्रसिद्ध केला. सरोवरविज्ञान नावाचे शास्त्र त्यातून उभे राहिले. त्याच सुमारास विस्कॉन्सिनमध्ये बर्ज याने वेगवेगळ्या खोलीला तापमान मोजून दाखवले की, उन्हाळ्यात सरोवराचे दोन भाग पडतात. वरचे पाणी ऊन, हलके आणि वाऱ्याने ढवळले जाणारे. खालचे थंड, जड आणि स्तब्ध. या दोहोंच्या मध्ये एक पातळ पट्टा असतो. त्यात थोड्याशा खोलीत तापमान झपाट्याने उतरते. त्याला बर्जने १८९७ साली ‘थर्मोक्लाइन’ हे नाव दिले. आपण त्याला पाण्यातील उंबरठा म्हणू. वरच्या भागात अन्न आहे, पण उष्मा आहे. खाली गारवा आहे, पण खालचे पाणी वरच्या हवेशी संबंध तुटल्यामुळे हळूहळू प्राणवायूला मुकते. थंड पाण्याचे मासे म्हणून या उंबरठ्याच्या आसपास घोटाळतात. आता नावाड्याला हवे होते ते असे साधन की, जे आमिष नेमक्या त्या उंबरठ्यावर धरून ठेवील.

त्या साधनाला जन्म देणारी परिस्थिती १९६६ साली आली. मिशिगन सरोवर हे नऊशे फुटांहून खोल. समुद्रातून कालव्यांच्या वाटेने शिरलेल्या लॅम्प्रे नावाच्या रक्तशोषक प्राण्याने तेथील ट्राउट मासे जवळजवळ संपवले. शत्रू नाहीसा झाल्यावर अलवाइफ नावाचा दुसरा लहान परका मासा बेसुमार वाढला. १९६७च्या उन्हाळ्यात या मेलेल्या माशांचे ढीग किनाऱ्यावर येऊन पडले. मिशिगन संस्थानाच्या मत्स्यखात्याचा प्रमुख हॉवर्ड टॅनर याने त्याआधीच, १९६६च्या वसंतात, पॅसिफिककडून अंडी आणवून वाढवलेले कोहो सामन मासे सोडले होते. ते अलवाइफ खाऊन माजले. दुसऱ्याच वर्षी हजारो लोक नावा घेऊन सरोवरावर लोटले. पण उन्हाळ्यात सामन खाली जाई आणि साधी दोरी त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. दोरीला जड शिसे बांधावे, तर मासा लागल्यावर झुंज शिशाशीच करावी लागे.

डाउनरिगरने ही अडचण एका साध्या कल्पनेने सोडवली. वजन वेगळे आणि गळ वेगळा. नावेच्या काठावर एक रहाट बसवायचा. त्याच्यावर पोलादी तार गुंडाळलेली, आणि तारेच्या टोकाला आठ-दहा पौंडांचा शिशाचा गोळा. रहाटाला आकडे दाखवणारे चक्र असते. किती फूट तार सोडली ते ते सांगते. गळाची दोरी स्वतःच्या काठीवरून येते आणि गोळ्याजवळ एका चिमट्यात अडकवली जाते. गोळा खाली गेला की आमिषही त्याच खोलीला जाते. काठी वाकवून ताणून ठेवायची. मासा लागला की चिमटा सुटतो, काठी झटकन सरळ होते, आणि दोरीवर मासा तेवढा उरतो. वजन तारेला लटकत राहते. ते लगेच वर ओढून घ्यायचे, नाहीतर दोरी तारेला गुंडाळते.

कल्पना साधी, पण यंत्र विकत घेतले म्हणून मासा मिळत नाही, असे त्या सरोवरांवरचे जाणते लोक सांगतात. त्याची कारणे मनोरंजक आहेत. पहिले म्हणजे चक्रावरचा आकडा खोटे बोलतो. नाव चालत असल्यामुळे गोळा सरळ खाली न राहता मागे झुकतो. तार उभ्या रेषेशी तीस अंशांचा कोन करीत असेल, तर शंभर फूट तार सोडूनही गोळा सत्त्याऐंशी फुटांवरच असतो, आणि उंबरठा चुकायला तेरा फूट पुरेसे होतात. म्हणून वेग वाढवला की वजन वाढवावे लागते, किंवा तारेचा कोन पाहून हिशेब करावा लागतो. दुसरे, गोळ्यापासून आमिष किती मागे ठेवायचे. उथळ आणि स्वच्छ पाण्यात मासा नावेला बुजतो, तेव्हा पन्नास-शंभर फूट मागे; खोल पाण्यात दहा-वीस फूट पुरतात. तिसरे, बहुतेक मासे भक्ष्य वर पाहून टिपतात. आमिष माशाच्या किंचित वरून गेले तर तो उठतो, खालून गेले तर त्याला त्याचा पत्ताही नसतो. आणि सर्वांच्या आधी तापमापक सोडून उंबरठा कोठे आहे ते पाहायचे, कारण काल रात्री वारा सुटला असेल तर तो सरकलेला असतो. ही सारी सावधगिरी वाचून माझी खात्री झाली की, डाउनरिगर हे मासे धरण्याच्या यंत्रापेक्षा पाणी वाचण्याचे यंत्र अधिक आहे.

आपल्याकडे या यंत्राला जागा आहे का? असलीच तर ती सह्याद्रीतील धरणांच्या पाण्यात. कोयनेचा शिवसागर, मुळशीचा तलाव, ही खरीखुरी खोल पाणी. लोणावळ्याजवळचे वळवणचे धरण खोपोलीच्या वीजघरासाठी टाटांनी बांधले, आणि १९७० नंतर तेथे मत्स्यतज्ज्ञ चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्यामागून इतरांनी महासीरची कृत्रिम पैदास यशस्वी केली. त्यातला एक मासा म्हणजे साइक्सने मुळामुठेत पाहिलेला खुद्री. वळवणची पिल्ले देशातील अनेक पाण्यांत गेली. कावेरीतही सोडली गेली. हेतू उत्तम होता. पण कावेरीला स्वतःचा महासीर होता, पाठीला कुबड असलेला, जगातील गोड्या पाण्यातील बलाढ्य माशांपैकी एक. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेनने काबिनी नदीत धरलेला महासीर एकशे वीस पौंडांचा भरला होता. त्या कुबड्या माशाला शास्त्रीय नाव निश्चित होऊन मिळाले ते थेट २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो अत्यंत संकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. त्याला मागे सारणाऱ्या कारणांत धरणे आहेत, सुरुंग लावून केलेली मासेमारी आहे, आणि संशोधकांच्या मते पुण्याकडून आलेला हा निळ्या परांचा पाहुणाही आहे. परप्रांती नेमणुकीवर गेलेल्याने तेथल्या मूळच्या माणसाची जागा बळकावू नये, ही अपेक्षा माशाकडून करता येत नाही. त्याला पाठवणाराकडून करता येते.

कावेरीचे नाव निघाले की बेळ्ळंदूरला परत यावे लागते, आणि ते का, हेच आता सांगायचे आहे. बंगळूर ही नदीवाचून वसलेली नगरी. १५३७ साली केंपेगौडाने ती वसवली तेव्हापासून तिची तहान तळ्यांनी भागवली. शहाजीराजांना १६३८ साली बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हाचे शहरही तळ्यांचेच. उंचावरून पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात उतरत बेळ्ळंदूरला येई, तेथून सांडव्यावरून वर्तूरला आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीला. शहराचा मोठा भाग या एकाच उतारावर आहे. आजूबाजूच्या खेड्यांतली भातशेती याच्यावर होत असे, पिण्याला हेच पाणी असे आणि मासेमारी चाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळुरास विमानांचा कारखाना काढला. युद्धकाळात तेथे कॅटलिना जातीची पाण्यावर उतरणारी विमाने दुरुस्तीला येत, तेव्हा त्यांची धावपट्टी म्हणजे बेळ्ळंदूरचे तळे. दप्तरातल्या नऊशे एकरांवर त्या काळी विमान टेकू शके, याचा अर्थ खाली पाणी होते.

पुढे जे घडले त्यात दुष्ट हेतू कोणाचा नव्हता, आणि म्हणूनच ते रोखणे कठीण गेले असावे. १८९६ साली हेसरघट्टाहून नळाने पाणी आले. १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीहून आले. १९७४ साली दूरवरून, उंच चढवून, कावेरीचे आले. नळ आल्यावर तळ्याच्या पाण्याची पारख करण्याची गरज घरोघर संपली. नीरगंटी गेला, गाळ उचलून नेणारा शेतकरी गेला. शहर जितके कावेरीचे पाणी पिऊ लागले तितके ते वापरून खाली सोडू लागले, आणि सोडलेले पाणी जुन्याच उताराने बेळ्ळंदूरला जाऊ लागले. ज्या पाण्यात कुबडा महासीर वाढला ते पाणी मोरीतून या तळ्यात येऊन पोहोचले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. पूर्वी पावसाळी असलेले तळे बारमाही भरलेले राहू लागले. एकरांच्या हिशेबाने पाहणाऱ्याला ते भरलेले तळे दिसे.

मरण आले ते तळाकडून. मैला कुजताना प्राणवायू खातो, आणि सर्वांत आधी तो तळाचा संपतो. मृगळाचा मजला पहिल्याने ओस पडतो, मग रोहूचा. शेवटी पहाटेच्या वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडून धरतात. काठावरून पाहणाऱ्याला ते पाणी माशांनी गजबजलेले वाटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोष्टकात मासे जगण्याजोग्या पाण्यात दर लिटरला किमान चार मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा असे म्हटले आहे. पृष्ठभागावर जलपर्णीची गादी पसरली की ऊन आत जात नाही आणि हवा खाली उतरत नाही. अशा पाण्यात हवेचा घोट घेऊन जगणारे मासे तेवढे तगतात, आणि आफ्रिकेतून आलेला मांगूर त्यांत पुढे असतो. त्याच्या पैदाशीवर सरकारने २००० सालीच बंदी घातली, तरी तो देशभर पसरला. २०१६च्या मार्चमध्ये अल्सूरच्या तळ्यात हजारो मासे एकाच वेळी मरून वर आले तेव्हा शहर हळहळले. बेळ्ळंदूरला असा दिवस नेमका सांगता येत नाही. तेथले मजले एकेक करून, गाजावाजा न होता रिकामे झाले.

जगाने दखल घेतली ती पृष्ठभागाची. सांडव्यावरून पडताना साबणी द्रव्यांचा फेस होऊन तो रस्त्यावर उडू लागला. २०१५च्या मे महिन्यात त्या फेसाने पेट घेतला. २०१७च्या फेब्रुवारीत आणि २०१८च्या जानेवारीत पुन्हा आगी लागल्या. पाणी जळते ही बातमी देशोदेशी गेली. वाळलेली वनस्पती, कचरा, तेलाचा तवंग आणि तळच्या चिखलात कुजण्याने निर्माण होणारा मिथेन वायू, अशी कारणे सांगितली गेली. मिथेन तेथेच तयार होतो जेथे प्राणवायू उरलेला नसतो. राष्ट्रीय हरित लवादाने लक्ष घातले, कारखाने बंद करण्याचे हुकूम निघाले, शुद्धीकरणाची केंद्रे वाढली. त्याच खोऱ्यातील शुद्ध केलेले सांडपाणी २०१८ पासून नळांनी कोलार जिल्ह्यातील कोरड्या तळ्यांत नेले जाऊ लागले. कावेरीचे पाणी असे तिसऱ्या मुक्कामाला निघाले आहे. तेथे त्याचे काय होते हे तेथले मासे आधी सांगतील आणि दप्तर नंतर.

बेळ्ळंदूरचा गाळ काढण्याचे काम २०२० पासून सुरू झाले. त्यासाठी येणारे सांडपाणी वळवून तळे रिकामे करावे लागले. गाळाचा हिशेब एकरांत होत नाही, घनमीटरांत होतो. कंत्राटदाराचे बिल त्यावर निघते. घनमीटर काढायचे तर काम सुरू करण्यापूर्वीची आणि संपल्यानंतरची खोली जागोजाग मोजून लिहावी लागते. बिलाच्या निमित्ताने का होईना, या अमानी तळ्याच्या कागदांत खोलीचा रकाना भरला जाऊ लागला.